बाबांच्या जोडीचा कासरा

माझ्या मिशीबद्दल आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा. मिशी काही फार दाट नाही. डावीकडे जरा विरळच आहे. पण आहे. धरमपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर असतो. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या, काड्या वाकवून कानामागे नीट बसवायच्या आणि त्यांच्यापुढे आरसा धरायचा, हे माझं काम. आरसा धरताना कधीकधी त्याच्या कडेला माझी मिशी दिसते, आणि इतकी वर्षं झाली तरी मला खुदकन हसू येतं. गिऱ्हाइकाला वाटतं मी त्याच्या तोंडाला हसलो. मग मी घाईघाईने म्हणतो, शोभून राहिला भाऊ तुम्हाला. फ्रेम विकली जाते आणि माझं हसूही पचून जातं.

मी जन्मलो तेव्हा खाप्याला, आमच्या गावी, आमच्या घरून जिलबी वाटली गेली होती. पेढे मुलाचे, जिलबी मुलीची, अशी आमच्याकडची रीत. पंचवीस वर्षं मी त्या जिलबीला जागलो. वेणी झाली, फ्रॉक झाले, पंजाबी ड्रेस झाले, ‘हळू हस वं’ झालं, ‘पाय जवळ घेऊन बस वं’ झालं. मग एक दिवस पुरे म्हटलं. डॉक्टर, औषधं, कचेऱ्यांमधले कागद, सगळं यथावकाश पार पडलं, आणि त्याचं रडगाणं मी इथे गाणार नाही. आमच्यासारख्यांबद्दल कोणी लिहायला बसलं की आधी रुमाल काढून मांडीवर ठेवतं. मला त्याचा भारी राग येतो. अरे बाप्पा, आम्हाला मजाही येते, ती कोण सांगणार?

उदाहरणार्थ, सलून. पहिल्यांदा गेलो तेव्हा महिनाभर आधीपासून मनात तयारी चालली होती. कोणी काही म्हटलं तर काय बोलायचं, कोणी हाकललं तर कसं निघायचं. आत गेलो, खुर्चीवर बसलो, आणि न्हाव्याने पेंगुळल्या डोळ्यांनी एवढंच विचारलं, ‘बारीक का मिडियम, भाऊ?’ मी बारीक म्हटलं. मानेवरचे केस गेले आणि पंख्याचा वारा पहिल्यांदा थेट मानेला लागला. आता आपल्याला रडू येणार असं मी धरून चाललो होतो. आलं हसू, आणि असं आलं की न्हाव्याने कात्री थांबवून विचारलं, गुदगुल्या होऊन राहिल्या का.

नंतर आवाज फुटला. दोन-तीन महिने माझ्या तोंडून कोंबडा आरवल्यासारखे आवाज निघायचे, दुकानातली पोरं माझी नक्कल करायची, आणि मला त्या नकलेचासुद्धा अभिमान वाटायचा. आणि खिसे! पुरुषांच्या पँटीचे खिसे किती खोल असतात हे बायकांना नीट कळलं तर गावोगावी दंगली होतील. दुकानाच्या मालकांना मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे झालं, पण रोज वीस मिनिटं उशिरा येतो त्याचं काय? त्या दिवसापासून मी वेळेवर जायला लागलो. म्हणजे प्रयत्न करायला लागलो.

तर नागपुरात माझं झकास चाललं होतं. भाजीवाला भाऊ म्हणायचा, रिक्षावाला भाऊ म्हणायचा, सिग्नलला मागून कोणी ‘अबे, सरक ना’ असं खेकसलं तरी मला गोड लागायचं. उणीव एकच होती. मला पोळ्याला घरी जाता येत नव्हतं.

बाबा शेतकरी. खाप्याला कन्हान नदीच्या अंगाने आमचं वावर आहे. आता बहुतेकांकडे ट्रॅक्टर आले, पण बाबांनी एक पांढरी जोडी ठेवलीच आहे, आणि माणसांशी बोलत नाहीत इतकं ते त्या बैलांशी बोलतात. पोळ्याला बैलांना न्हाऊ-माखू घालून, शिंगं रंगवून, झुली पांघरून गावच्या मैदानात तोरणाखाली ओळीने उभं करतात. ज्याच्या हातात कासरा, तो त्या घरचा माणूस. आणि तिथे झडत्या होतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: झडती म्हणजे यमक जुळवून फेकलेल्या चार-सहा ओळी. एकाने दुसऱ्याची खोडी काढायची आणि शेवटी महादेवाचा पुकारा करायचा. सगळं मैदान त्याला साथ देतं. मग ज्याची खोडी काढली त्याने तिथल्या तिथे उलटी झडती म्हणायची. झडतीचा राग धरायचा नाही हा नियम. पण उत्तर सुचलं नाही तर वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवायची सोय राहत नाही.

बाबा झडत्यांचे राजे. त्यांना तोडीस तोड एकच माणूस, मागच्या मोहल्ल्यातले एक आबाजी, वय सत्तरीपुढे, आवाज अजून ढोलासारखा. बाबा वावरात जाता-येता बैलबंडी हाकत झडत्या जुळवायचे आणि मागे गवताच्या भाऱ्यावर बसून मी त्या पाठ करायचो. मला शाळेतल्या कविता येत नव्हत्या, पण बाबांची एकही झडती चुकत नव्हती. उपयोग मात्र शून्य. पोरींनी झडत्या लांबून ऐकायच्या असतात.

सात वर्षांचा असताना मी एक पराक्रम केला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैल सजवून मैदानात न्यायचे. माझा चुलतभाऊ त्या वर्षी तापाने पडला होता. मी त्याची हाफपँट चढवली, वेणी टोपीत कोंबली, त्याचाच लाकडी बैल उचलला आणि मैदानात जाऊन बाबांची झडती ठणकावून म्हटली. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. बक्षीस देणाऱ्या गृहस्थांनी ‘वा रे वाघा’ म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी त्यांच्या हातात आली. वेणी खाली लोंबली. सगळं मैदान खो खो हसलं. घरी आल्यावर मायने चार धपाटे घातले, डबा मात्र ठेवून घेतला. त्यात आजही तिखट असतं. पण मैदानात बाबाही हसले होते, पोट धरून, आणि ते मी कधी विसरलो नाही.

अठरा वर्षांनी मी बाबांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. ते गोठ्यात दावं वळत बसले होते. सगळं ऐकलं आणि दावं वळत राहिले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी नागपूरला निघालो तेव्हा बसस्टँडवर आले आणि म्हणाले, ‘येत जा. घर तुहं आहे. पन पोळ्याले नको येऊ.’

काहून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळलं होतं. बाबा ना सावकाराला भ्यायले, ना पुढाऱ्याला, ना सापाला. ते झडतीला भ्यायले. माझ्यावर कोणी झडती टाकली असती तर राग धरायला बंदी, आणि उत्तर तर द्यावंच लागलं असतं. आपल्या लेकराबद्दल भर मैदानात काय उत्तर द्यायचं, ते त्यांच्याजवळ नव्हतं.

मी जात होतो घरी. दिवाळीला जायचो, कापूस वेचायला आला की जायचो. टपरीवरचे लोक आधी टकमक बघायचे, मग बघायचे थांबले, मग ‘कधी आला गा’ म्हणून विचारायला लागले. माय एकदा दुकानात आली, मी स्वतः तिचे डोळे तपासायला लावले, चष्मा बसवून दिला. तिने त्यातून मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. आता ही काहीतरी मोठं बोलणार म्हणून मी श्वास धरून उभा. ती म्हणाली, ‘शर्टाले इस्तरी करत जा ना रे.’ मायचं असं असतं.

पण पोळा वेगळा. असे सहा पोळे माझे हुकले. कोरोनाच्या वर्षी मैदानात पोळा भरलाच नव्हता, तो मी धरत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बाईच्या भल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. गावाची सगळी इडापीडा त्या पुतळ्याच्या अंगावर घालून शेवटी तिला जाळतात. मी दर वर्षी त्या गर्दीत घुसायचो आणि लोकांबरोबर गळा फाडून ओरडायचो, घेऊन जा गे मारबत! लोक महागाई द्यायचे, रोगराई द्यायचे. मी बाबांचा हट्ट द्यायचो. मारबत दर वर्षी इमानाने जळायची आणि हट्ट दर वर्षी गावी शाबूत असायचा.

या वर्षी उन्हाळ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालतात, पण दोन बैल घेऊन मैदानापर्यंत जाणं त्यांच्याने होणार नव्हतं. चुलतभाऊ कळमेश्वरच्या एका कारखान्यात आहे; तो सुट्टी टाकून जोडी नेणार, असं मायने मला फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, बरं झालं. म्हटलं खरं, पण त्या रात्री जेवण काही गेलं नाही. बाबांचा कासरा पहिल्यांदा दुसऱ्या हातात जाणार आणि तो हात माझा नाही, हे मला फार लागलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना ऊन पाणी लावायचं, हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानाशी वाकून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पाहुण्याला देतात तसं, रीतसर. माझ्या लहानपणी लोण्याची वाटी धरायचं काम माझ्याकडे असायचं.

त्या संध्याकाळी मी एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू बसवत होतो आणि मायच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर कोणी बोलेना. मागे घुंगरांचा आवाज येत होता, बैल मान हलवत असणार. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग बाबांचा आवाज आला, घसा खाकरून.

‘आज आवतन घे. उद्या जेवाले ये.’

मला वाटलं, फोन चुकून लागला आणि ते बैलाशी बोलत आहेत. मी विचारलं, ‘बाबा, बैलाले म्हणून राहिले का मले?’

‘बैल माह्यासमोर उभा आहे,’ बाबा म्हणाले. ‘त्याले फोन कायले करीन?’

आणि ठेवून दिला. मी तिथेच काउंटरवर रडलो. वर म्हटलं होतं की रडगाणं गाणार नाही, पण हे रडगाणं नव्हतं. स्क्रू हातातून पडून कुठे गेला तो आजतागायत सापडला नाही. त्या बाई बिचाऱ्या मलाच धीर द्यायला लागल्या, घरी काही वाईट झालं का. मी म्हटलं, नाही ताई, मला उद्या जेवायला बोलावलंय. त्यांना काय समजलं देव जाणे. मालक आतून आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, दोन दिवस येऊ नको, सगळ्या फ्रेमा ओल्या करशील.

सकाळी पांढरा शर्ट घातला, कडक इस्तरीचा. माय म्हणाली म्हणून नव्हे, माझ्यासाठी. मिशी तीनदा विंचरली. मोटारसायकल काढली आणि निघालो. वाटेत गावागावांत दारांपुढे पळसाच्या फांद्या रोवलेल्या होत्या, ओढ्यांवर बैल धुणं चाललं होतं. रस्ताभर मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने झडत्या म्हणत गेलो. एकही विसरलो नव्हतो. फक्त आता त्या माझ्या खऱ्या आवाजात ऐकू येत होत्या, आणि काय सांगू, त्या आवाजाला त्या शोभत होत्या.

घरी पोचलो तर बाबा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. माय शिंगं रंगवत होती. चुलतभाऊ झुली झटकत होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याने सुट्टी मंजूर करून आणली होती, पण काका ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, माह्या गोठ्यातली जोडी माह्या घरचा माणूस नेईन. भावाला वाईट वाटलं असेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो डोळा मारून म्हणाला, बरं झालं बे, डावा बैल लय ओढते.

दुपार कलली. बाबांनी मला जवळ बोलावलं. स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या गळ्यात टाकला, कासरा हातात दिला. भाषण वगैरे काही नाही. डाव्याला ढील देऊ नको, एवढंच बजावलं. मी मात्र जे इतकी वर्षं पोटात होतं ते विचारून टाकलं. म्हटलं, बाबा, माह्यावर झडती आली तर?

‘तर काय?’ बाबा म्हणाले. ‘तोंड नाही का तुले?’

मग निघालो. कासरा घामाने ओला झाला. आमच्या गल्लीपासून मैदान चारशे पावलं असेल, मला ते नागपूरइतकं लांब वाटलं. दारादारांतून बायका बघत होत्या. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. डावा बैल खरंच ओढत होता, त्यामुळे ताठ मानेने चालण्याचा माझा बेत फसला आणि मी अर्धा वेळ तिरपाच चाललो. तरी छाती भरून आली होती. एका घराच्या ओट्यावर एक चिमुरडी माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, ते पाहाय काकाजीचा बैल. काकाजी! मी तिला मनातल्या मनात एक लाकडी बैल कबूल केला.

मैदानात बारा-पंधरा जोड्या होत्या. मी आमची जोडी तोरणाखाली उभी केली. चुलतभावाने बाबांना मोटारसायकलवर बसवून आणलं आणि कडेला खुर्ची टाकून दिली. झडत्या सुरू झाल्या. सरपंचावर झाली, नळाच्या पाण्यावर झाली, नवीन जावयावर झाली. मग आबाजी पुढे आले. त्यांची लाल जोडी आमच्या बरोबर समोर होती. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधून कानाला अडकवलेला. त्यांनी त्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता येते.

‘ताटात वरण, वरणात तूप,
नागपूरच्या पाहुण्याचं पालटलं रूप;
गेली होती शिकाले, आला होऊन गडी,
कासरा धरता येते, का नुसती इस्तरीची घडी?’

पुकारा झाला, पण मैदानाने साथ अर्धवटच दिली. हसावं की नाही ते कोणाला कळेना. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. आबाजीही बाबांकडेच बघत होते. खोडी माझी काढली तरी उत्तराची वाट त्यांनी बाबांची पाहिली. बाबांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली, तिच्यावर हनुवटी टेकवली आणि माझ्याकडे पाहत राहिले.

एक सांगतो. मला राग आला नाही. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आठ वर्षांत कोणी हळूच बघितलं, कोणी बघायचं टाळलं, कोणी पाठीमागे कुजबुजलं, कोणी तोंडावर फार गोड बोललं. सरळ समोर उभं राहून, चारचौघांत, इतर गड्यांची काढतात तशी माझी खोडी कोणीच काढली नव्हती. म्हाताऱ्याने मला झडती टाकण्याजोगा माणूस धरलं होतं. मी कासरा डाव्या हातात घेतला, उजवा हात वर केला.

‘कन्हानच्या रेतीत पिकलं डांगर,
बापाच्या बंडीत वाढलो, पाठ केला नांगर;
रूप नाही पालटलं, नजर तुमची अधू,
दुकानात या आबाजी, नंबर तुमचा शोधू;’

इथपर्यंत सकाळी हेल्मेटमध्ये जुळवलेलं आणि ऐनवेळी सुचलेलं असं मिळून आलं होतं. हशा सुरू झाला होता. इथेच पुकारा केला असता तर चाललं असतं. पण तोंड उघडलं होतं आणि आतून पुढची ओळ निघाली, जी मी जुळवलेली नव्हती.

‘सहा पोळे हुकले माहे...’

आणि तिथेच अडकलो. सगळं मैदान थांबलं. डावा बैल ओढत होता, घुंगरं वाजत होती, आणि मला बाबांकडे बघवेना. मग होता नव्हता तेवढा आवाज लावला.

‘सहा पोळे हुकले माहे, सातव्याले आलो,
बापाच्या या जोडीपाशी उभा आज झालो!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला...’

‘हर हर महादेव!’ मैदानाने अशी साथ दिली की बैल बुजले. माणसं हसत होती, शिट्ट्या मारत होती, कोणीतरी माझ्या पाठीवर असा गुद्दा हाणला की खांदा दोन दिवस दुखला. आबाजी स्वतः सगळ्यांत जास्त हसले. त्यांनी दोरा बांधलेला चष्मा काढून हवेत हलवून दाखवला आणि ओरडून विचारलं की दुकान कोणत्या गल्लीत आहे. मग तोरण तुटलं, पोळा फुटला, आणि सगळ्या जोड्या धूळ उडवत घराकडे पळत सुटल्या. मीही पळालो. खरं म्हणजे डाव्याने मला पळवलं.

दारात माय ताट घेऊन उभी होती. तिने बैलांचे पाय धुतले, त्यांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग जोडी आणणाऱ्या माणसाला टिळा लावायचा असतो. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, त्यावर अक्षता दाबल्या, जरा जोरातच. तिचा चष्मा धुरकटला होता आणि तो पुसायला तिचे हात रिकामे नव्हते. मीच काढला, माझ्या शर्टाला पुसला आणि परत नीट बसवून दिला. कामच आहे माझं.

बाबा मात्र माझ्याकडे आले नाहीत. भावाच्या मोटारसायकलवरून आले, उतरले, बैलांच्या पाठी थोपटल्या, आत जाऊन बसले. आबाजींना उत्तर देणं वेगळं आणि घरातली गोष्ट मैदानात सांगणं वेगळं. सहा पोळे हुकले म्हणजे कोणामुळे हुकले, हे गावात शेंबड्या पोरालाही कळलं असणार. एवढ्या मोठेपणाने ज्याने हातात कासरा दिला, त्यालाच मी भर मैदानात बोल लावून बसलो होतो. जिंकलो कसला, डोकं फिरलं होतं माझं.

पानं वाढली. मी बाबांच्या शेजारी बसलो. माय पुरणपोळी वाढत होती, वर तुपाची धार. बाबांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, पाणी प्यायले. मग पानाकडे बघत म्हणाले की झडती चांगली होती, डांगर-नांगर जुळवलं ते ठीक, नजर अधू तर फारच ठीक. आबाजींचं तोंड असं बंद झालेलं त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत होतो. आता येणार, मला माहीत होतं.

‘पन एका जागी चुकला तू,’ बाबा म्हणाले.

मी घाईने म्हणालो की हो बाबा, ते मी बोलायला नको होतं, तोंडातून निघून गेलं.

‘बोलाचं काय नाही. बोलला ते बरं केलं,’ बाबा म्हणाले. ‘सहा नाही. सात हुकले. कोरोनाच्या वर्सी मैदानात नाही भरला, पन गोठ्यात पूजा केली होती आपन. लोन्याची वाटी धराले कोनी नव्हतं.’

मायचा हात परातीवरच थांबला. बाबांनी दुसरा घास मोडला आणि शाळेत मास्तर चुकलेली ओळ सुधारून देतात तशी ती ओळ म्हणून दाखवली: सात पोळे हुकले माहे, आठव्याले आलो. म्हणाले, असं म्हन, वजनातही बसते. मग पुन्हा जेवायला लागले.

मी सहा मोजत होतो. त्यांनी सात मोजले होते. मी नागपुरात बसून मारबतीला त्यांचा हट्ट देत होतो आणि ते इकडे दर वर्षी एक-एक पोळा बोटावर धरून बसले होते, मी सोडून दिलेलासुद्धा. मायने माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकली आणि म्हणाली की ही त्या वर्षाची राहिलेली. पोटात जागा नव्हती, तरी मी ती सगळी खाल्ली.